करंगळीएवढा काप

साठ शेळ्यांच्या मालकाला एका म्हाताऱ्या गाईवर आणून बसवलं, तर त्यानं दिवसभर करायचं काय? सासरे अंगणात बसून गाईकडे बघत आणि गाय त्यांच्याकडे. दोघांनाही डोंगर बंद झाला होता.

डोंगर म्हणजे वस्तीच्या मागची उतरण. पूर्वी तिथे गुडघाभर गवत होतं म्हणे. सुनेनं ते कधी पाहिलं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा उतरणीवर उघडे दगड होते आणि जनावरांनी कुरतडून खुजी केलेली झुडपं होती. पाऊस आला की पाणी मातीसकट जे धावत सुटायचं ते थेट ओढ्यात, आणि तासाभरात उतरण पुन्हा कोरडी ठणठणीत. दोन वर्षांपूर्वी पाणीवाले मास्तर आले आणि त्यांनी वस्तीच्या गळी एक गोष्ट उतरवली. डोंगरावर जनावर सोडायचं नाही, उतरणीला आडवे चर खणायचे, पाणी त्यात अडवून मुरवायचं आणि गवताला वाढायला उसंत द्यायची. लोकांनी आधी नाकं मुरडली, मग कुदळी उचलल्या. चरांच्या पहिल्या दोन ओळींच्या खाली गेल्या वर्षी पोटरीभर गवत उभं राहिलं. ते विळ्यानं कापून घराघरांत वाटलं तेव्हा नाकं मुरडणारे सगळ्यांत पुढे होते.

बंदी मात्र कायमची नव्हती. दरवर्षी पावसाळ्याआधी बैठक व्हायची, आणि एका घरानं जरी नको म्हटलं तरी डोंगर सगळ्यांना खुला. ही अट सासऱ्यांनीच घालून घेतली होती. नको म्हणणारं कुणीतरी निघेलच, अशी त्यांना खात्री होती. कुणी निघालं नाही. स्वतः म्हणायची सोय नव्हती, कारण चरांची मोजणी त्यांच्याच सुनेच्या हातात. मास्तरांनी मोजणी शिकवली तेव्हा बाकीचे जांभया देत होते, हिला ती चटकन जमली आणि वस्तीनं तिचं नाव ‘इंजिनेर’ ठेवलं. इंजिनेरच्या घरातून नकार गेला असता तर चारचौघांत हसं झालं असतं. सासऱ्यांनी होकार दिला, आणि शेळ्या विकल्या गेल्या त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मोजणीचं साधन अगदी साधं होतं. सुतारानं पुरुषभर उंचीच्या दोन काठ्या वरच्या टोकाला जोडल्या होत्या, खाली त्यांचे पाय फाकवले होते आणि मधोमध एक आडवी पट्टी ठोकली होती. वरून एक दोरी सोडलेली, दोरीला दगड. चौकटीचे दोन्ही पाय सारख्या पातळीवर टेकले की दोरी पट्टीवरच्या खुणेवर येते. मग पुढचा पाय टेकला तिथे चुन्याची चिमूट टाकायची आणि चौकट पुढे न्यायची. चुन्याच्या ओळीवर लोक चर खणणार. ओळ सपाट असेल तर पाणी चरभर सारखं थांबतं. ओळ कलली तर सगळं पाणी खालच्या टोकाला धावतं आणि ते टोक फोडून बाहेर पडतं.

मास्तरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. चालताना चौकट फिरवत न्यायची, एकदा हा पाय पुढे आणि एकदा तो, म्हणजे बारीक चूक असली तर तिची फिटंफाट होते. आणि रोज सकाळी चौकट उलटी धरून, म्हणजे दोन्ही पायांच्या जागा बदलून, तपासायची; दोरी तरीही खुणेवरच यायला हवी. पहिली गोष्ट तिनं आठवड्यातच सोडून दिली. उतारावर चौकट फिरवायची म्हणजे ती दर दोन पावलांनी झुडपात अडकणार. चुना टाकायला शिंपीण तिच्याबरोबर असे. दोघी मिळून चौकट उचलून सरळ पुढे ठेवत, नेहमी तोच पाय पुढे. दुसरी गोष्ट मात्र ती नेमानं करायची, थंडी सरतानाच्या त्या सकाळपर्यंत.

त्याच्या आदल्या दिवशी चौथी ओळ पुरी झाली आणि चौकटीचा पुढचा पाय दगडावर आपटून चिरला. सुतार परगावी गेलेला. ती चौकट घेऊन घरी आली तर सासरे म्हणाले, “आण इकडे. मी बघतो.”

दोन वर्षांत त्यांनी त्या चौकटीकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. सकाळी उठून बघते तर चिरलेल्या पायाला तारेचे घट्ट, एकसारखे वेढे घातलेले. सासऱ्यांनी चौकट स्वतःच्या खांद्यावर घेतली, तिच्या पुढे डोंगर चढले आणि हाताची घडी घालून बाजूला उभे राहिले. चौदा माणसं कुदळी टेकून बघत होती. आता सांगा, सासऱ्यांनी रात्र खर्ची घालून दुरुस्त केलेली वस्तू त्यांच्याच तोंडावर उलटी करून तपासायची? म्हणजे मामंजी, तुमच्या कामाचा भरवसा नाही, असंच म्हणायचं की. तिनं चौकट टेकवली आणि चुना मागितला.

दुसऱ्या दिवशीही सासरे आले, तिसऱ्या दिवशीही. चौकट रोज त्यांच्याच खांद्यावर. शिंपीण म्हणायची, “म्हातारा विरघळला गं.” सून मनातून हरखली होती. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोन दिवस घरी. बाकीचे दिवस दोन खोल्यांत ती आणि तिच्याशी न बोलणारा हा माणूस. तो आता येता-जाता दोन शब्द बोलायला लागला होता. त्या दोन शब्दांच्या मोहात पाचवी, सहावी आणि सातवी ओळ खणून झाली.

आठवी ओळ धरायची त्या दिवशी सासरे केस कापायला गेले. पावसाला वीस-बावीस दिवस उरले होते. ती आणि शिंपीण दोघीच डोंगरावर, आणि सासऱ्यांची नजर नसल्यामुळे तिचे हात आपोआप जुन्या सवयीला गेले. तिनं दोन सपाट दगड मांडले, चौकट टेकवून दोरी खुणेवर आणली, मग चौकट उलटी करून त्याच दगडांवर ठेवली. दोरी खुणेपासून बोटभर लांब उभी राहिली.

“वारा असेल,” शिंपीण म्हणाली.

वाऱ्याचा पत्ता नव्हता. तिनं पुन्हा करून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. तारेचा पाय चाचपला तर तो ठणठणीत होता. मग तिनं दुसरा, मागचा पाय वर केला. तळाला माती थापलेली होती, वाळून घट्ट झालेली. नखानं खरवडली तर खाली काजळी फासलेली, आणि काजळीखाली करवतीचा सरळ, गुळगुळीत काप. करंगळीच्या रुंदीएवढी काठी कमी झाली होती. या पायाला तर काहीच झालं नव्हतं. त्याला हात लावायचं कारणच नव्हतं.

तिनं शिंपिणीला काही दाखवलं नाही. “चौकट बिघडलीय, आज राहू दे,” म्हणून तिला घरी पाठवलं आणि स्वतः सातव्या चरातून शेवटपर्यंत चालत गेली. डोळ्यांना कळत नव्हतं, उतरणीवर डोळे फसतातच. पण हिशेब फसत नव्हता. दर वेळी चौकट करंगळीएवढी खाली उतरली होती, आणि एका ओळीत ती दीडशे वेळा टेकली होती. म्हणजे या टोकाशी चर पुरुषभर खाली आलेला. तिन्ही ओळी याच अंगाला कललेल्या. जोराचा पाऊस झाला की तिन्ही चरांचं पाणी या कोपऱ्यात जमणार आणि एका दमात सुटणार. तिनं खाली पाहिलं. खाली तिच्या नणंदेचं पत्र्याचं घर होतं. परसात दोरीवर पोरांचे कपडे वाळत होते.

ती चरातच बसली. बसल्या जागी तिला स्वतःचीच चीड आली. एकदा, फक्त एकदा ती चौकट उलटी केली असती तर?

घरी आली तेव्हा सासरे नवे कापलेले केस चाचपत खाटेवर बसले होते. तिनं अंगणात दोन दगड मांडले. चौकट टेकवली, उलटी केली, पुन्हा टेकवली. गाय बघत होती. सासरेही आतून, खाटेवरून बघत होते.

“काप तुम्ही घेतला, मामंजी?”

त्यांनी पुन्हा केसांवर हात ठेवला. मग म्हणाले, “घेतला.”

“का?”

“का म्हणजे? चाळीस वर्षं त्या डोंगरावर चाललो मी. एकेक दगड ओळखीचा. आता लांबून बघायचं, आणि घरात बसून या गाईच्या तोंडाकडे बघायचं. म्हटलं, चर फसले की लोकच कंटाळतील. तोंड उघडायची गरज पडणार नाही.”

“आणि पाणी कुठे जाईल, ते म्हटलं नाहीत?”

“कुठे जाणार? वाहून जाईल, आजवर जायचं तसं.”

“आजवर डोंगरभर पसरून जायचं. आता तीन चरांचं एका कोपऱ्यात येईल. सातव्या ओळीचं टोक कुणाच्या परसावर आहे, बघितलंत का कधी?”

सासऱ्यांचा हात केसांवरून खाली आला.

“करंगळीएवढा तर काप होता,” ते म्हणाले.

“दीडशे वेळा, मामंजी.”

म्हाताऱ्याला हिशेब कळला. त्यांचा चेहरा असा उतरला की तिला क्षणभर त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला. थोड्या वेळानं ते म्हणाले, “बैठकीत मी सांगतो. माझं मी सांगतो. तू कुणाकडे बोलू नकोस.”

बैठकीला चार दिवस होते. ते चार दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. घर म्हणजे दोन खोल्या. तिच्या खोलीतून बाहेर पडायची वाट सासऱ्यांच्या खाटेवरून. न्हाणीला जायचं तरी खाट, गाईला पाणी दाखवायचं तरी खाट. रडायचं तर मध्ये पातळ भिंत, म्हणून तेही राहिलं. सासरे वेळेवर जेवत होते, वेळेवर झोपत होते. वाढताना तिला वाटे, विचारावं, नक्की सांगणार ना? पण विचारलं आणि ते नाही म्हणाले तर? नवऱ्याला फोन करून सांगायचं म्हटलं तर काय सांगणार, तुझ्या बापानं तुझ्या बहिणीच्या घरावर पाणी सोडायची सोय केलीय? तो मुलगाच. आधी म्हणणार, तू तपासलं का नाहीस? पुरती कात्रीत सापडली होती बिचारी. दुसऱ्या दिवशी नणंद दारात आली, बापासाठी दूध घेऊन. “वहिनी, तोंड का असं? इंजिनेरला झोप मिळत नाही वाटतं,” म्हणून हसली. सासरे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बैठक सुताराच्या कारखान्यात भरली. सगळे मावतील असं छप्पर तेवढं एकच होतं. लोक फळ्यांवर, ओंडक्यांवर जागा मिळेल तिथे बसले. जमिनीवर भुसा, कोपऱ्यात अर्ध्या झालेल्या खिडक्या. अध्यक्ष म्हणजे दुकानदार. तो बोलायला उभा राहिला की लोक बसण्याची जागा नीट करून घेत, कारण पुढचा अर्धा तास हलता येत नसे. त्यानं गवताचं कौतुक केलं, एकीचं केलं, ओघाओघात स्वतःचंही करून घेतलं. मग म्हणाला, “तर बंदी आणखी वर्षभर. कुणाच्या घराचं काही म्हणणं?”

सून सासऱ्यांकडे बघत होती. ते समोरच्या फळीवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांच्या शेजारी त्यांची लेक. त्यांनी एकदा घसा खाकरला, आणि सगळा कारखाना त्यांच्याकडे वळला. ते गुडघ्यांकडे बघत राहिले. दुकानदार थांबला, आणखी थांबला.

“आजोबा, काही म्हणायचंय?”

त्यांनी मान हलवली. नाही.

“मग ठरलं,” दुकानदार म्हणाला.

“नाही ठरलं,” सून म्हणाली आणि उभी राहिली. “शेवटच्या तीन ओळी चुकल्यात. पाणी ताईंच्या घरावर येईल.”

गलका झाला. चौदा जणांनी दोन महिने खणलेलं होतं, गलका व्हायचाच. कुणी म्हणालं, चौकट आणा. चौकट आणली. सुतारानं ती हातात घेतली, दोन्ही पाय उताणे केले, आणि मागच्या पायाच्या तळावरून अंगठा फिरवला. त्याचं काम म्हणजे चोख. त्याला सांगावं लागलं नाही.

“हा करवतीचा काप आहे,” तो म्हणाला. “मी दिलेला नाही.”

“मी दिला,” सून म्हणाली.

“तू?”

“पाय चिरला तेव्हा. सारखा करायला गेले. नंतर तपासायचं राहिलं.”

सुतारानं कापाकडे पाहिलं. इतका सरळ काप हात बसल्याशिवाय निघत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मग, का कोण जाणे, समोरच्या फळीवर. सासऱ्यांनी मान वर केली नाही. सुतारानं चौकट भिंतीला टेकवून ठेवली आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

लोक वाईट नव्हते, हीच पंचाईत. शिव्या घातल्या असत्या तर तिला एक वेळ बरं वाटलं असतं. कुणी म्हणालं, चूक माणसाकडूनच होते. कुणी म्हणालं, पावसाआधी बोलली हेच नशीब. मग सगळे मिळून तोडग्याला लागले. तिन्ही चरांत दर दहा पावलांवर दगडमातीचा आडवा बांध घालायचा, म्हणजे पाणी जागच्या जागी अडेल, टोकाकडे धावणार नाही. नणंदेच्या घरावरचा तुकडा पार बुजवून टाकायचा. सोळा-सतरा दिवस आहेत, घरटी दोन माणसं आली तर होईल. बंदीही राहिली. एवढं सगळं अर्ध्या तासात मिटलं, आणि तिच्या छातीवरचा दगड हलतोय असं वाटत असतानाच तिची नणंद उठली.

“वहिनीला बोल लावायचा नाही,” ती म्हणाली. “एकटीवर सगळं टाकलं आपण. पण माझी पोरं त्या घरात झोपतात, म्हणून सांगते. यापुढे चौकट बाबांकडे असू दे. डोंगर त्यांच्याइतका कुणाला माहीत आहे? रोज सकाळी तपासायची त्यांनी. ते बरोबर म्हणाले की मगच वहिनीनं पुढचं पाऊल टाकायचं.”

“वा,” दुकानदार म्हणाला. “अगदी योग्य.”

हात वर झाले. शिंपिणीचा झाला, चौदाच्या चौदा जणांचा झाला. सगळ्यांत शेवटी सुताराचा, खांद्यापर्यंत. सून उभीच होती. आता काय बोलणार? काप मी दिला, हे तिनं अर्ध्या तासापूर्वी भरल्या कारखान्यात सांगितलं होतं. तिनंही हात वर केला. लेकीनं चौकट उचलली आणि बापाच्या मांडीवर आडवी ठेवली.

दोघं घरी आली. सासऱ्यांनी चौकट अंगणात भिंतीला लावली, हात धुतले, खाटेवर बसले. तिनं पान वाढलं. त्यांनी हात लावला नाही.

“मी सांगणार होतो,” ते म्हणाले.

ती दारासमोर गाईपुढे वैरण टाकत होती.

“सांगणारच होतो. तोंडच उघडेना. लेक शेजारी बसलेली.” मग बऱ्याच वेळानं, “तू का नाही सांगितलंस? उभी राहिलीस, वाटलं आता सांगते. मी तयार होतो. माझं नाव घेतलं असतंस तर मी नाही म्हणालो नसतो. माझ्यासाठी का गं एवढं केलंस?”

त्यांचे डोळे भरले होते. म्हाताऱ्याला वाटत होतं, सुनेनं माया केली. तिला ते दिसलं, आणि इतके दिवस आवरून धरलेलं आतलं सगळं एकदम वर आलं.

“तुमच्यासाठी नाही केलं, मामंजी,” ती म्हणाली. “मी तुमचं नाव घेतलं असतं, लोकांनी दोन दिवस तुम्हाला नावं ठेवली असती आणि विसरले असते. मग मी परत कुठे येणार होते? याच घरात ना? याच खाटेवरून जाणार ना रोज? तुमचा मुलगा येणार तो याच घरी. ताई येणार त्या याच दारातून. त्या दोघांच्या बापाला मी चारचौघांत उघडं पाडलं असतं, आणि मग स्वयंपाकही मीच केला असता. जागा कुठे आहे मला दुसरी?”

सासरे उठले आणि खाट उचलायला लागले. त्यांना एकट्याला ती उचलेना. दारातून बाहेर काढायचा त्यांचा विचार दिसत होता, अंगणात, गाईच्या बाजूला. खाट दाराच्या चौकटीत आडवी अडकली. ना आत, ना बाहेर.

“सोडा,” ती म्हणाली. “मोडाल.”

“जायला वाट होईल तुला.”

तिनं दुसरं टोक धरलं. दोघांनी खाट तिरपी करून पाहिली, उभी करून पाहिली. ती ज्या सुतारानं केली होती त्यानं ती खोलीतच जोडली असणार, कारण दारातून ती कुठल्याच बाजूनं निघत नव्हती. शेवटी दोघांनी ती परत होती तिथे ठेवली. सासरे तिच्यावर बसले. ती त्यांच्या पायांजवळून आत गेली.

“सकाळी किती वाजता निघायचं?” त्यांनी भिंतीपलीकडून विचारलं.

“उजाडताच,” ती म्हणाली. “चौकट तपासायला वेळ लागेल. तुम्हाला शिकवावं लागेल.”